यंत्राची समीक्षा आणि निकषांची निवड : साखळी-करवतीच्या ग्राहक-मूल्यमापनाच्या निमित्ताने

प्रस्तावना

मराठी समीक्षेला निकषांचा प्रश्न नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याचा निकष निश्चित करू पाहिला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविधानाचे तर्कशास्त्र तपासताना लौकिकतावाद व अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये ही संकल्पना कशी ताणलेली आहे, हे दाखविले. तथापि हा सारा विचार प्रामुख्याने कलाकृतीभोवती फिरत राहिला. दरम्यान, मूल्यमापनाचे काम समीक्षकाच्या मेजावरून उठून सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती गेले. आज मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत प्रत्येक वस्तूला पाचांपैकी तारे मिळतात, त्याखाली चार ओळींचा अभिप्राय असतो आणि त्या ताऱ्यांच्या सरासरीवर पुढचा ग्राहक पैसे मोजतो. हीही समीक्षाच होय. तिचे निकष कोणी ठरविले, कसे ठरविले आणि त्यांतून काय वगळले गेले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने परका मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एकाच यंत्राच्या संदर्भात मांडला आहे. ते यंत्र म्हणजे साखळी-करवत, अर्थात चेन सॉ. पाटण तालुक्यातील कोणत्याही वाडीत तिला 'कटर' एवढेच म्हणतात. हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. मिक्सरला चुकीचे तारे मिळाले तर फार तर चटणी भरड राहील; साखळी-करवतीला चुकीचे तारे मिळाले तर कोणाचा तरी हात, खांदा किंवा चेहरा त्याची किंमत मोजतो.

'चांगले' या शब्दाचे तर्कशास्त्र

जे. ओ. उर्मसन यांनी १९५० मध्ये 'माइंड' या नियतकालिकात प्रतवारीवर एक निबंध लिहिला. सफरचंदांची प्रत लावणारा माणूस नेमके काय करतो, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आकार, रंग, डाग हे सफरचंदाचे गुण होत; 'उत्तम प्रत' हा मात्र त्याच अर्थाने गुण नव्हे. गुणांवरून प्रतीकडे जाण्यासाठी मध्ये निकषांची एक पायरी लागते आणि ती पायरी माणसांनी मान्य केलेली असते. आर. एम. हेअर यांनी १९५२ मध्ये हाच धागा पुढे नेला. 'चांगले' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच राहतो, निकष मात्र वस्तूच्या वर्गागणिक बदलतात, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्या उदाहरणांत स्ट्रॉबेरीही आहे. महाबळेश्वर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील वाचकास ते परके वाटू नये. पीटर गीच यांनी १९५६ मध्ये आणखी एक बारकावा जोडला : 'चांगला' हे विशेषण नामापासून तोडून वापरता येत नाही. 'चांगला चोर' हा चांगला माणूस असेलच असे नाही.

गीच यांचा हा बारकावा आपल्या विषयाला थेट लागू पडतो. 'चांगली करवत' म्हणजे काय, हे 'करवत' कशासाठी आहे ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही. बागेतील फांद्या छाटण्यासाठी, वादळात रस्त्यावर आडवे झालेले झाड दूर करण्यासाठी, की दिवसभर रोजंदारीवर खोडे तोडण्यासाठी? तिन्ही कामांत यंत्र एकच असले, तरी 'चांगली' या विशेषणाचे निकष तीन आहेत. ताऱ्यांची सरासरी या तिघांना एका पोत्यात भरते.

आणेवारीचा धडा

गुणांकन म्हणजे पाश्चात्त्यांकडून आलेली नवी रीत, असे समजण्याचे कारण नाही. आणेवारी हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, एवढाच फरक. प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत यंदा पीक किती आले, ते रुपयातील पैशांत सांगायचे आणि पन्नास पैशांखाली आकडा गेला की टंचाईच्या सवलती लागू करायच्या, ही ती पद्धत. म्हणजे एका आकड्यावर शेतसारा, कर्जवसुली, परीक्षा शुल्कमाफी अवलंबून. नजर अंदाज पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी या तीन टप्प्यांमागे एक शहाणपण आहे : उभ्या पिकाकडे पाहून केलेला अंदाज आणि मळणीनंतरचा हिशेब यांत अंतर पडते, हे व्यवस्थेने गृहीत धरलेले आहे.

या पद्धतीवर आक्षेपही जुने आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा आक्षेप सरासरीवरच आहे. गाव हे एकक धरले की कोयनेच्या काठचे पाणभरते रान आणि वरच्या पठाराची मुरमाड जमीन एकाच आकड्यात मिसळतात. ज्याचे बुडाले त्याचे बुडणे दिसेनासे होते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पर्जन्यमान, मृदेतील ओलावा, उपग्रहाद्वारे मोजलेला वनस्पती निर्देशांक असे निकष पुढे आले आणि २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या पद्धतीने. पाऊस तोच, जमीन तीच. निकष बदलले की यादी बदलते. निकषांची निवड हीच निम्मी निवाड्याची प्रक्रिया असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रचलित निकष आणि त्यांची मर्यादा

साखळी-करवतीच्या ग्राहक-अभिप्रायांत वारंवार भेटणारे निकष पाहू. पहिला 'सीसी'. यंत्र ५८ सीसीचे आहे की ६२ सीसीचे, यावरून त्याची थोरवी ठरते. दुसरा निकष पट्टीच्या लांबीचा, म्हणजे १८ इंची की २२ इंची. तिसरा किमतीचा, 'पैसा वसूल' या शब्दांत. चौथा वजनाचा. याखेरीज बऱ्याच अभिप्रायांत वस्तू वेळेवर पोहोचली, वेष्टन चांगले होते, असे लिहून पाच तारे दिलेले असतात; तो निवाडा यंत्राचा नसून पोहोचविणाऱ्याचा आहे.

यांपैकी 'सीसी' हा निकष फसवा आहे. घनक्षमता म्हणजे शक्ती नव्हे. सारख्याच घनक्षमतेच्या दोन इंजिनांतून निघणारी शक्ती बांधणीनुसार बरीच वेगळी असू शकते. म्हणून किलोवॉट आणि यंत्राचे वजन यांचे गुणोत्तर हे अधिक प्रामाणिक माप होय. पट्टीच्या लांबीचेही तसेच. लांब पट्टी म्हणजे मोठे यंत्र, हा समज दुकानदारास सोयीचा आहे. इंजिनाला न पेलणारी लांब पट्टी लावली की साखळी लाकडात अडकते, चालक जोर लावतो आणि पट्टीचे टोक त्याच्या नजरेआड राहते. या टोकातच सारा धोका आहे.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फिरत्या साखळीसह एखाद्या कठीण फांदीस टेकला, तर संपूर्ण पट्टी क्षणार्धात वर व मागे, चालकाच्या मानेच्या दिशेने उसळते. साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. माणसाने सावध होऊन हात आवरण्यापूर्वीच सारे घडून गेलेले असते. म्हणूनच साखळी-ब्रेक हा भाग आला. डाव्या हातापुढील ढाल पुढे ढकलली गेली, किंवा उसळीच्या झटक्यानेच ती सरकली, की साखळी थांबते. या उसळीची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ ९५१८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कंपनमापनासाठी आयएसओ २२८६७ आहे, आवाजासाठी २२८६८ आहे. म्हणजे निकष शास्त्राने घडवून ठेवलेले आहेत. ग्राहकाच्या अभिप्रायात ते उतरत नाहीत, कारण ज्या ग्राहकाला उसळी कधी आली नाही त्याला त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नसते आणि ज्याला आली तो बहुधा लिहिण्याच्या स्थितीत नसतो. न घडलेल्या अपघाताला तारे देता येत नाहीत. ग्राहक-समीक्षेची ही मूलभूत उणीव होय आणि ती केवळ अभिप्रायांची संख्या वाढवून भरून निघणारी नाही.

कंपनाचे प्रकरण याहून अधिक सूक्ष्म आहे, कारण ते इजा करते पण हळूहळू. वर्षानुवर्षे थरथरते यंत्र धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे गुंडी लावण्याइतकीही पकड राहत नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसासाठी हाताला पोहोचणाऱ्या कंपनाची दखल-पातळी २.५ आणि कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी आहे. यामागील गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. ५ इतके कंपन देणाऱ्या यंत्रावर दोन तास काम केले की दखल-पातळी गाठली जाते. १० इतके कंपन देणाऱ्या यंत्रावर त्याच दोन तासांत कमाल मर्यादा संपते. यंत्रातील कंपन दुप्पट झाले की सुरक्षित वेळ निम्मी होत नाही, चतुर्थांश होते. साखळीची धार गेली की कंपन आणखी वाढते. आवाजाबाबत आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि १०० डेसिबलला ती दोन तासांवर येते. पेट्रोलवरील साखळी-करवतीचा आवाज चालकाच्या कानाशी सहज १०० च्या वर असतो. पण डोंगरउतारावर झाड तोडणारा मजूर कारखान्यात नसतो. त्याच्या कानाला ना निरीक्षक, ना नियम. अभिप्रायात 'आवाज जबरदस्त' ही स्तुती म्हणून येते!

सरासरी की स्वतंत्र उत्तीर्णता?

निकष निवडल्यानंतर ते एकत्र कसे करावयाचे, हा पुढचा प्रश्न. महाविद्यालयीन प्राध्यापकांस याचे दोन नमुने परिचित आहेत. नॅकच्या २०१७ च्या आराखड्यात सात निकषांना सारखे वजन नव्हते. संलग्न महाविद्यालयांसाठी हजारांपैकी ३५० गुण एकट्या अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या निकषास होते. हा भारांकित सरासरीचा नमुना. त्यात एका निकषातील उणीव दुसऱ्यातील आधिक्याने भरून काढता येते, आणि ती कशी काढतात हे निराळे सांगावयास नको. दुसरा नमुना विद्यापीठीय परीक्षेचा. लेखी व प्रात्यक्षिक ही उत्तीर्णतेची स्वतंत्र शीर्षे असतील, तर प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण मिळवूनही लेखीत नापास झालेला विद्यार्थी नापासच ठरतो.

साखळी-करवतीला दुसरा नमुना लावला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. साखळी-ब्रेक नसलेले किंवा न चालणारे यंत्र स्वस्त आहे म्हणून साडेतीन ताऱ्यांचे होऊ शकत नाही. जर्मनीत १९६४ मध्ये स्थापन झालेली 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' ही संस्था वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्यांत अवनतीचा नियम वापरते : महत्त्वाच्या बाबीत वस्तू कमी पडली, तर एकूण श्रेणीही खाली ओढली जाते. आपल्याकडील ग्राहक चळवळीला हा विचार पेलणारा आहे. १९७५ मध्ये उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत असो वा त्याआधी बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेले काम असो, या चळवळीने ग्राहकाला केवळ किमतीची घासाघीस शिकविली नाही.

सरासरीवर अविश्वास दाखविण्यास संशोधनाचाही आधार आहे. नान हू, जी झांग व पॉल पावलू यांनी २००९ मध्ये दाखविले, की ग्राहकांच्या ताऱ्यांचे वितरण मध्यभागी फुगलेले नसते. ते दोन टोकांना, त्यातही वरच्या टोकाला, साचलेले असते. अतिशय खूश आणि अतिशय संतप्त असेच लोक लिहितात. 'बरे आहे' असे वाटणारा गप्प राहतो. २०१६ मध्ये बार्ट द लांग, फिलिप फर्नबाख आणि डोनाल्ड लिक्टनस्टाइन यांनी १२० प्रकारांतील १,२७२ उत्पादनांचे ग्राहकांनी दिलेले तारे अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेच्या प्रयोगशाळेतील गुणांशी ताडून पाहिले. दोहोंचा मेळ फारच कमी बसला. उलट ताऱ्यांवर किंमत व कंपनीचे नाव यांचा प्रभाव आढळला. असे असूनही ग्राहक ताऱ्यांवर भरवसा ठेवतो तो गरजेपोटी.

अभिप्राय कोणाचा?

येथे या विषयाचा सर्वांत नाजूक भाग येतो. भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय खऱ्या माणसाचा असावा, विकत घेतलेला नसावा, संपादकाने त्याची मोडतोड करू नये, अशी त्याची दिशा आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र हे मानक खरेपणाची हमी मागते. कोणत्या निकषांवर अभिप्राय द्यावा, हा त्याचा विषय नाही. शंभर टक्के खरा अभिप्रायही अप्रस्तुत असू शकतो.

आपल्या भागात साखळी-करवत विकत घेणारा आणि ती चालविणारा हे अनेकदा वेगळे असतात. ठेकेदार यंत्र घेतो, मजूर ते धरतो. झाडाचा मालक तिसराच. अभिप्राय लिहितो तो पैसे देणारा. त्याचे निकष त्याच्या जागेवरून योग्यच आहेत : इंधन किती लागते, दिवसात किती टन लाकूड पडते, यंत्र किती महिने टिकते. ज्याच्या हातात मुंग्या येतात त्याचा निकष या यादीत शिरतच नाही. साहित्यसमीक्षेने 'वाचक' कोण, हा प्रश्न विचारला, तेव्हा अनेक गृहीते कोसळली. येथे 'वापरकर्ता' कोण, हा प्रश्न विचारला की ग्राहक-अभिप्राय या नावातच गफलत आहे, हे ध्यानात येते.

दुसरी गफलत काळाची. बहुतेक अभिप्राय खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. पैसेवारीच्या भाषेत ही सारी नजर अंदाज पैसेवारी. अंतिम कधी जाहीरच होत नाही. बैल घेणारा शेतकरी केवळ शिंगे, खूर आणि भोवरा पाहून पैसे मोजत नाही. औताला जुंपून पाहतो. यंत्राची खोड तर आणखी उशिरा कळते. त्यातही दोष यंत्राचा की हाताळणीचा, हे ठरविण्याची कुवत लिहिणाऱ्याजवळ असावी लागते. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण चुकले, की इंजिन बसते आणि 'मशीन दोन महिन्यांत गेली' असा एका ताऱ्याचा निकाल लागतो. धार कोणत्या कोनात लावायची हे ठाऊक नसेल, तर उत्तम साखळीही लाकूड जाळू लागते. (आजच्या साखळीचा दात जो. कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ च्या सुमारास झाड पोखरणाऱ्या अळीचा जबडा निरखून बेतला. त्या अळीला कानस लागत नाही, आपल्याला लागते.)

देशीयतेचा निकष

भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची भूमिका वाङ्मयापुरती सर्वांनाच मान्य होईल असे नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र ती टाळता येत नाही. ज्या देशांत या यंत्रांची घडण झाली तेथे बव्हंशी मऊ सूचिपर्णी लाकूड. इथे ऐन, किंजळ, जांभूळ, बाभूळ. तेथील चाचणीत चपळ ठरलेली साखळी येथे तासाभरात बोथट होऊ शकते. पाटणच्या पश्चिमेकडील उतारांवर चालकाला दोन्ही पाय एका पातळीवर टेकता येत नाहीत. तेथे किलोभर जास्त वजन हा सोयीचा नव्हे, तोल सांभाळण्याचा प्रश्न असतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा पावसात ओल्या हातमोज्यांनी दोरी ओढून यंत्र पहिल्या चार झटक्यांत सुरू होते की नाही, हाच एकमेव निकष उरतो. आणि साखळी, स्पार्क प्लग, एअर फिल्टर पाटणमध्ये मिळतात, की कराडला जावे लागते, की थेट पुण्याला, हे तर कोणत्याही ताऱ्यात मावत नाही.

झाडाचा प्रश्न

या तालुक्यात साखळी-करवतीविषयी लिहिताना झाडाबद्दल मौन पाळणे अप्रामाणिक ठरेल. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये ही दोन्ही क्षेत्रे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आली. खासगी मालकीच्या झाडांसाठीही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ ही आपल्या परसातली झाडे आहेत. मग 'झाड किती वेगाने पडते' हा यंत्राचा गुण मानावा, की दोष?

येथे मर्ढेकरी पद्धतीने यंत्राचा गुण आणि त्याच्या वापराचे नैतिक मूल्य वेगळे ठेवण्याचा मोह होतो. तर्कदृष्ट्या ते बरोबरही आहे. कुऱ्हाड धारदार आहे हा कुऱ्हाडीचा अपराध नव्हे. परंतु अभिप्राय हा निव्वळ सौंदर्यविधान नसतो. तो पुढच्या माणसाला एक कृती करण्याची शिफारस असतो. कुऱ्हाडीने ऐनाचे खोड तोडायला अर्धा दिवस लागे, तेवढ्या वेळात निदान कोणी विचारपूस करावयास येई. यंत्राने तो अवकाश काही मिनिटांवर आणला. सबब वेग हा निकष वगळावा असे मी म्हणणार नाही. तो नि:संदर्भ असू नये, एवढेच. रस्त्यावर पडलेल्या झाडासाठी वेग हा गुण, उभ्या झाडासाठी तो परवानगीच्या कागदामागून येणारी बाब.

अभिप्रायाचा नमुना नव्याने बेतावयाचा झाल्यास तारे शेवटी यावेत. आधी पाच गोष्टी विचाराव्यात : यंत्र प्रत्यक्ष कोणी चालविले, किती महिने व दिवसाला किती तास, कोणत्या झाडावर व कशा जमिनीवर, साखळी-ब्रेक तपासून पाहिला काय, काम संपल्यावर हाताला मुंग्या येतात काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'मजुराने' असे आले, तर उरलेली उत्तरे त्याच्याकडूनच घ्यावीत. तो लिहिणार नाही, हे खरे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपले विद्यार्थी ज्या गावांत उतरतात, त्याच गावांत हे चालक संध्याकाळी घरी परततात. तेथे बसून त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणे, हे काम कोणत्याही महाविद्यालयाला पुढच्या हिवाळ्यात करता येईल.